चाकांची आगबोट समुद्रावर कशी राबते: सगळा हिशेब फळीच्या बुडतीचा

प्रश्न थोडक्यात असा: दोन्ही कुशींना चाकं असलेली आगबोट नदीत किंवा तलावात चालते हे समजतं, पण खाऱ्या पाण्यावर, वारा आणि लाटा खात, दिवसभर एकामागून एक धक्के घेत ती वर्षानुवर्षं कशी चालवायचे? यंत्र रोज कसं सांभाळतात, बिघडतं काय आणि बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणारा पंखा (प्रोपेलर) आल्यावरही ही जात इतकी टिकली कशी?

उत्तरासाठी ‘वेव्हर्ली’ धरू. खुल्या समुद्रावर प्रवासी घेऊन जाणारी चाकांची आगबोट आज जगात ही एकच उरली आहे. ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. ए. अँड जे. इंग्लिस यांच्या पॉइंटहाउस गोदीत बांधली, २ ऑक्टोबर १९४६ ला पाण्यात उतरली आणि १६ जून १९४७ ला पहिल्या फेरीला निघाली. मालक होती लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे. क्लाइड खाडीवर क्रेगेंडोरनला रेल्वे संपायची; तिथून पुढे लॉखगॉइलहेड आणि ॲरोखारपर्यंतची माणसं पोचवायला ही बोट. याच नावाची १८९९ ची आधीची बोट दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढायच्या कामावर होती, ती मे १९४० मध्ये डंकर्कला बुडाली. तिच्या जागी ही आली. लांबी सुमारे ७३ मीटर, बोटीच्या धडाची (हलची) रुंदी ९ मीटरच्या आसपास. पण चाकांना झाकणाऱ्या पेट्यांसकट मोजली तर १७ मीटरांहून जास्त. हा रुंदीतला फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाकांच्या बोटीचा सगळा संसार एका गोष्टीभोवती फिरतो: चाकाच्या कडेची, पाणी ढकलणारी फळी पाण्यात किती बुडते. चाक तळाला आणणाऱ्या फळीची वरची कड पाण्याखाली थोडीशीच, काही इंच असावी, असं मांडणी करणारा धरून चालतो. बोट जास्त बुडाली की चाक चिखलात रुतल्यासारखं होतं. इंजिन पूर्ण वाफेवरही फेरे देत नाही, पाणी उचलून मागे फेकण्यात ताकद जाते. बोट वर आली की फळी पाणी धरत नाही. फेरे वाढतात, वेग वाढत नाही. पंख्याच्या बोटीला हे दुखणं फारसं नाही. पंखा खोल असतो, बोट हातभर वरखाली झाली तरी त्याचं काम चालू राहतं.

आता माल म्हणजे काय, तर माणसं. ८०० प्रवासी, सरासरी ७० किलो धरले तर ५६ टन. वेव्हर्लीच्या आकाराच्या बोटीचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ ठोकळमानानं ४६५ चौरस मीटर येतं. म्हणजे एक सेंटिमीटर बुडायला पावणेपाच टन लागतात. बोट भरली की १२ सेंटिमीटर खाली. एवढं चाक सहन करतं. खरी पंचाईत होते ती माणसं एका बाजूला गेल्यावर. किल्ला दिसला, सील दिसला किंवा धक्का जवळ आला की सगळे त्या कठड्याकडे. चाकाचा मध्य बोटीच्या मध्यरेषेपासून साडेसहा मीटरांवर आहे असं धरा. बोट फक्त ३ अंश कलली तर एक चाक ३४ सेंटिमीटर खाली जातं आणि दुसरं तेवढंच वर. दोन चाकांत ६८ सेंटिमीटरचा फरक! एक गळ्यापर्यंत बुडालेलं, दुसरं फेस काढतंय. दोन्ही एकाच दांड्यावर असल्यानं फेरे सारखेच. मग खोल गेलेलं चाक जास्त ढकलतं आणि बोट उलट्या बाजूला वळू पाहते. सुकाणूवरचा माणूस सुकाणू आडवं धरून ठेवतो, त्यानं वेग आणखी पडतो. म्हणून ‘कृपया दोन्ही बाजूंना विभागून उभे राहा’ ही घोषणा तिथे शिष्टाचाराची नसते, ती इंजिनघराची मागणी असते. जुन्या काळी डेकवर साखळदंडांनी भरलेल्या, चाकं लावलेल्या पेट्या ठेवत. बोट डावीकडे कलली की खलाशी पेटी उजवीकडे ओढत नेत. आता टाक्यांतलं पाणी आणि तेल सांभाळून तेच काम करतात, पण ते सावकाश होतं. माणसं त्याहून वेगानं धावतात.

मराठी वाचकाला इथे रामदास आठवेल. १७ जुलै १९४७ ला, म्हणजे वेव्हर्लीच्या पहिल्या फेरीनंतर साधारण महिन्याभरानं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली. ती पंख्याची होती, चाकांची नव्हे. तिथे प्रश्न चाकाच्या बुडतीचा नव्हता. पण हलत्या माणसांचं वजन हेच बोटीवरचं सर्वांत बेभरवशाचं वजन असतं, हे दोन्हीकडे सारखं.

चाक म्हणजे पाणचक्की उलटी लावली, एवढं सोपं प्रकरण नाही. फळ्या आऱ्यांना कायमच्या ठोकल्या तर पाण्यात शिरताना प्रत्येक फळी पाण्याला सपाट थप्पड मारते आणि बाहेर येताना बादलीसारखं पाणी उचलते. त्यावर उपाय म्हणजे स्वतःला वळवून घेणारी फळी. वेव्हर्लीच्या प्रत्येक चाकाला अशा ८ लाकडी फळ्या आहेत. प्रत्येक फळी तिच्या बिजागरीवर हलते आणि तिच्या पाठीला एक आखूड हात असतो. त्या हातांना जोडलेल्या ८ सळया मध्याकडे एका कडीला येऊन मिळतात. ही कडी चाकाच्या दांड्याभोवती फिरत नाही. ती फिरते चाकाच्या बाहेरच्या बाजूला, चौकटीवर पक्क्या बसवलेल्या एका खुंटीभोवती, आणि ती खुंटी चाकाच्या मध्यापासून थोडी पुढे सरकवलेली असते. दोन केंद्रांतल्या या अंतरामुळे चाक फिरताना सळया फळीला ढकलत-ओढत राहतात. पाण्यात शिरताना, तळाला आणि बाहेर पडताना फळी जवळजवळ उभीच राहते. आठांपैकी सात सळया कडीला सैल जोडलेल्या. एक मात्र घट्ट. हीच मुख्य सळई कडीला चाकाबरोबर फिरवत नेते. ती तुटली तर कडीला कुणी धनी उरत नाही. आठही फळ्या वाटेल तशा पडतात आणि दोन-तीन फेऱ्यांत चाक स्वतःलाच फोडतं.

चाक मिनिटाला ४५ फेरे देत असेल तर एका चाकावर मिनिटाला ३६० फळ्या पाण्यात शिरतात, सेकंदाला ६. आठ तासांच्या दिवसात एका चाकावर पावणेदोन लाख वेळा ही थाप पडते आणि तेवढ्याच वेळा बिजागऱ्या हलतात. त्यांना तेल-ग्रीस पुरणार नाही, समुद्र धुऊन नेतो. म्हणून पूर्वापार तिथे लिग्नम व्हायटीसारख्या चिवट, तेलकट लाकडाची बुशं, म्हणजे बिजागरीच्या खिळ्याभोवतीच्या खोळी, घालत. समुद्राचं पाणीच त्यांचं वंगण. स्वच्छ पाण्यात ती बराच काळ चालतात. गढूळ गाळाच्या पाण्यात सहाणेवर धरल्यासारखी झिजतात. झीज पहिल्यांदा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. फळीच्या थापेच्या मागोमाग एक कोरडा ‘टक्’ येऊ लागतो. आठांपैकी एकीचाच आवाज वेगळा असेल तर तिचं बूश गेलं. सगळ्यांचाच सैल येत असेल तर मधली कडी किंवा खुंटी बघायची.

फळी लाकडाची ठेवण्यात जुनेपणाचा हट्ट नाही. वाहत आलेला ओंडका, तरंगता दोर, मच्छीमाराचं जाळं पेटीत शिरलं तर काहीतरी मोडणार हे नक्की. मग मोडावं ते लाकूड, लोखंडी आरा किंवा सळई नव्हे. फळी मोडल्याचं लगेच कळतं. बोटीला लय चुकल्यासारखा झटका बसतो आणि पेटीतून ठोकाठोक ऐकू येते. त्या क्षणी इंजिन बंद. ‘पुढच्या धक्क्यापर्यंत जाऊ’ म्हणणारा महागात पडतो, कारण लोंबणारा तुकडा शेजारच्या सळया वाकवतो.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असतो. मुख्य वाफेचा व्हॉल्व्ह बंद. दांडा हातानं किंवा मोटरीनं फिरवायचं गियर गुंतवून चाक अडकवलेलं. ब्रिजवर आणि इंजिनघरात दोन्हीकडे पाटी. लाटेच्या धक्क्यानंही चाक फिरू शकतं, म्हणून नुसती वाफ तोडून भागत नाही. चाक अडकवल्याशिवाय माणूस पेटीत उतरत नाही. आत ओलं, शेवाळलेलं, अंधारं. उभं राहायला आऱ्यांवर आडवी फळी टाकावी लागते. मोडलेली फळी वरच्या अंगाला येईल असं चाक फिरवून घ्यायचं. गंजलेल्या नटांवर वेळ घालवत बसायचं नाही, सरळ कापायचे. बोटीवर नवे बोल्ट ठेवलेलेच असतात. नवी फळी बसवली की बोल्ट आडव्या क्रमानं आवळायचे, एका टोकाकडून नव्हे. नाहीतर लाकूड पिळवटून बसतं आणि पहिल्याच लाटेत चिरतं. मग वाफेवर जाण्याआधी गियरनं चाकाचा एक पूर्ण फेरा, आठही सळया डोळ्यांखालून.

पेटीच्या दर्शनी बाजूला पंख्यासारखी कापलेली नक्षी असते. ती शोभेची दिसते खरी, पण तिचं मुख्य काम हवा आणि पाणी बाहेर सोडायचं. पेटी बंद असती तर फळ्यांनी आत ओढलेली हवा कोंडली असती आणि चाकाला नाहक ब्रेक लागला असता.

आता इंजिन. चाकाचा दांडा बोटीच्या आरपार, पाण्याच्या रेषेच्या वर असतो. इंजिन मात्र जड, ते तळाशीच हवं. म्हणून सिलिंडर तिरपे टाकून खालून वर दांड्याला जोडतात. वेव्हर्लीचं इंजिन ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांचं, ट्रिपल एक्स्पान्शन, २,१०० अश्वशक्तीचं. तीन सिलिंडरांचे व्यास २४, ३९ आणि ६२ इंच. दट्ट्याची (पिस्टनची) धाव तिघांचीही ६६ इंच, म्हणजे १.६८ मीटर. वाफ आधी लहानात, मग मधल्यात, मग मोठ्यात पसरते. मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या पावणेसातपट आहे, कारण दाब उतरलेल्या वाफेला तेवढी जागा लागते. मध्ये गियर काही नाही. दट्ट्याची एक ये-जा म्हणजे चाकाचा एक फेरा. मुख्य डेकवरच्या दोन्ही बोळांतून प्रवाशांना हे इंजिन चालताना दिसतं. डिझेल बोटीवर हे सुख नाही.

सकाळी पहिला प्रवासी चढण्याच्या बराच आधी इंजिन ‘तापवायला’ घ्यावं लागतं. थंड लोखंडाला वाफ लागली की तिचं पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. दट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये वाटीभर पाणी उरलं तरी त्या फेऱ्यात झाकणाला तडा जाऊ शकतो. म्हणून सगळे निचरा-कॉक उघडे, वाफ किंचित आणि गियरनं इंजिन सावकाश फिरवत राहायचं. कॉकमधून आधी पाणी थुंकल्यासारखं येतं, मग पाणी-वाफ मिसळून, शेवटी कोरडी वाफ. तिन्ही सिलिंडरांची टोकं हाताला सारखी गरम लागली की मग दोन-चार फेरे पुढे, दोन-चार मागे. ‘मागे’ घेऊन पाहिल्याशिवाय धक्का सोडायचा नाही. बोट थांबवायला दुसरं साधन नाही.

सुरू होताना आणखी एक अडचण येते. वाफ फक्त पहिल्या सिलिंडरात जाते. नेमका त्याचाच क्रँक, म्हणजे दांडा फिरवणारा वाकडा हात, दट्ट्याशी एका रेषेत थांबला असेल तर कितीही वाफ द्या, दांडा हलत नाही. त्यासाठी मधल्या-मोठ्या सिलिंडरांकडे थेट वाफ सोडणारा एक लहान व्हॉल्व्ह असतो. इंजिन थांबताना क्रँक कुठे थांबला यावर कसलेल्या माणसाची नजर असते. पुढचा हुकूम आल्यावर कुठल्या व्हॉल्व्हला हात घालायचा हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

तेलाची पद्धत जुनीच. बेअरिंगवर तेलाची डबी, तिच्यात लोकरीची वात. वात तेल ओढून थेंब-थेंब नळीत सोडते. वात जाड-पातळ करून तेल कमी-जास्त करतात. रात्री वाती काढून ठेवायच्या, नाहीतर सकाळपर्यंत डबी रिकामी आणि तेल तळात. चालत्या इंजिनात मोठ्या बेअरिंगवर तापमापकाआधी हात पोचतो. क्रँक वर येतो त्या क्षणी तळहात हलकेच लागतो आणि निघतो, तोही फेऱ्याच्या लयीत. कोमट ठीक, हात ठेववत नाही म्हणजे फेरे कमी करून तेल वाढवायचं. बेअरिंग तापलं म्हणून एकदम थंड पाणी मारणं चूक: दांडा तापलेला आणि खोळ आकसलेली, म्हणजे पकड आणखी घट्ट.

बॉयलरचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे पुरतं सांगतो. सुरुवातीला दोन्ही टोकांनी पेटवायचा कोळशाचा स्कॉच बॉयलर होता. अशा इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे दीड पौंड कोळसा धरतात. पूर्ण ताकदीला तासाला ३,१५० पौंड, म्हणजे १,४०० किलोंच्या वर, आणि तो सगळा फावड्यानं. १९५०च्या दशकात तेलाची भट्टी आली, १९८१ मध्ये बॉयलर बदलला, २००० मध्ये दोन नवे बसले, तेही २०२० मध्ये पुन्हा बदलावे लागले. इंजिन मात्र १९४७ चंच आहे. यात नवल नाही: इंजिन झिजतं, बॉयलर कुजतो.

बॉयलर कुजवतं कोण, तर पाणी. वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्यानं गार करून तेच गोडं पाणी परत बॉयलरला देतात. कंडेन्सरच्या शेकडो नळ्यांपैकी एक जरी पाझरली तरी खारं पाणी आत येतं. समुद्राच्या एका टन पाण्यात ३५ किलो मीठ असतं, हे आठवलं की घाई कळते. तपासणी सोपी आहे: नमुन्यात नायट्रिक आम्लाचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा. पाणी नितळ राहिलं तर बरं. दुधाळ झालं तर मीठ आलं. दुसरा शत्रू सिलिंडरचं तेल. ते वाफेबरोबर परत येतं, बॉयलरच्या नळ्यांवर पातळ थर धरतं आणि थराखालचा पत्रा पाण्याअभावी लाल होतो. त्यासाठी परतीच्या वाटेवर कापडाच्या गाळण्या असतात. त्या काळ्या पडल्या की बदलायच्या, आठवड्याचा वार बघत बसायचं नाही. कंडेन्सरच्या गळतीला तात्पुरता उपाय म्हणजे दोषी नळीच्या दोन्ही टोकांना लाकडी किंवा पितळी खुंट्या ठोकणं. एक-दोन नळ्या कमी झाल्यानं कंडेन्सरला काही होत नाही.

चाकांची बोट ज्यासाठी टिकली ते काम धक्क्यावर दिसतं. पाण्याखाली ती जेमतेम दोन मीटर जाते, त्यामुळे ओहोटीलाही धक्का गाठते. चाकांचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून उलटी वाफ दिली की आपल्या लांबीच्या मानानं फार थोड्या अंतरात थांबते. पंख्याची बोट मागे घेताना तिची पिछाडी एका बाजूला ओढली जाते. हिची जात नाही, सरळ रेषेत थांबते. पण एक मोठं उणं आहे. पंख्याचं पाणी थेट सुकाणूवर येतं, म्हणून पंख्याची बोट जागेवरही पिछाडी झटकू शकते. इथे चाकं मध्यावर आणि सुकाणू पार मागे. बोटीला वेग नसेल तर सुकाणू नुसतं लोंबतं. त्यामुळे धक्क्याला येताना वेग हवा आणि थांबायलाही यायला हवं, अशी ओढाताण. मंद वेगानं, घाबरत घाबरत आणणं इथे सुरक्षित नसतं. वारा बाजूनं असेल तर ती उंच, हलकी बोट पानासारखी सरकते.

येताना साधारण असं होतं. धक्क्याशी उथळ कोन करून, सुकाणू ऐकेल एवढा वेग ठेवून यायचं. ‘बंद’. मग ‘पूर्ण मागे’. फेस पुढे येऊन धक्क्याच्या खांबांत शिरतो. पहिला हलका दोर नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, फेकतात, त्याला बांधलेला जाड दोर खुंटावर जातो. धक्क्याला टेकतो तो स्पॉन्सन, म्हणजे चाकाच्या पेटीला आधार देणारा, बाहेर काढलेला सज्जा. बोटीचा सर्वांत रुंद भाग तोच, म्हणून तिथे जाड लाकडाची पट्टी असते आणि जिनाही तिथेच लागतो. नाळ आणि पिछाडी धक्क्यापासून दूर राहतात, दोरांनीच धरून ठेवायच्या. निघताना नाळेकडून मागे बांधलेला दोर ठेवून इंजिन हळू पुढे. बोट त्या दोरावर ताण घेते, स्पॉन्सनवर टेकून फिरते आणि पिछाडी बाहेर येते. मग दोर सोडून मागे. कप्तानाचे हुकूम इंजिनघरात टेलिग्राफनं, म्हणजे काटा फिरवून खूण देणाऱ्या यंत्रानं, येतात. इथे दोन सेकंदांचा उशीर म्हणजे काही मीटर. सप्टेंबर २०२० मध्ये ॲरन बेटाच्या ब्रॉडिक धक्क्यावर वेव्हर्लीची नाळ आदळून प्रवासी जखमी झाले होते. चाकांच्या बोटीला धक्का हाच सर्वांत धोक्याचा प्रदेश, खुला समुद्र त्यानंतर.

खुल्या समुद्रात लाट समोरून आली तर फारसं बिघडत नाही, चाकं मध्यावर असल्यानं वरखाली कमी होतात. लाट बाजूनं आली की एकदा हे चाक उघडं, एकदा ते; दांड्याला पीळ बसतो, इंजिन मध्येच धावतं, मध्येच दबतं. वाफेच्या व्हॉल्व्हवर माणूस उभा करून प्रत्येक डोलाबरोबर वाफ कमी-जास्त करावी लागते. शिवाय स्पॉन्सनच्या पोटाखाली लाट आपटते ती तोफेसारखी. यावर तंत्र एकच: वाट थोडी वाकडी करून लाट तिरपी घ्यायची, फेरे उतरवायचे, आणि मग हवामान बघून धक्का रद्द करायची लाज वाटू द्यायची नाही.

भरती-ओहोटीचं गणित जागेनुसार बदलतं. क्लाइडमध्ये फरक तीनएक मीटरचा, आपल्या मुंबईच्या उधाणापेक्षाही कमी. वेव्हर्ली उन्हाळ्यात ब्रिस्टल चॅनलमध्ये जाते तिथे उधाणाला पाणी बारा मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. क्लीव्हडनच्या १८६९ च्या धक्क्याला म्हणूनच वेगवेगळ्या उंचीचे टप्पे आहेत. वेळापत्रकही घड्याळापेक्षा भरतीच्या कोष्टकावरून लावतात.

पंख्याशी तुलना निघाली की ३ एप्रिल १८४५ ची रस्सीखेच सांगितली जाते: ब्रिटिश नौदलाच्या पंख्याच्या ‘रॅटलर’नं चाकांच्या ‘अलेक्टो’ला २.८ नॉटनं मागे ओढलं. रॅटलरचं इंजिन जास्त ताकदीचं होतं, तेव्हा तो सामना काही सरळ नव्हता. पण महासागरावर चाक हरणारच होतं, आणि त्याचं कारण मुंबईच्याच बोटीत दिसतं. मुंबई गोदीत बांधलेली ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० ला सुएझला निघाली. कोळशाची सोय जेमतेम साडेपाच दिवसांची, आणि एडन त्याहून कितीतरी लांब. म्हणून केबिनमध्येही कोळसा भरला. निघताना चाकं खोल बुडालेली, पोचता पोचता कोळसा संपत आल्यानं वर आलेली. बुडती बरोबर असायची ती मधले काही दिवस. किनाऱ्यावर रोज थोडं इंधन घेणाऱ्या, रोज घरी येणाऱ्या बोटीला हा त्रास नाही, म्हणून तिथे चाक शंभर-सव्वाशे वर्षं टिकलं.

मग कोकण किनाऱ्यावर ही जात का रुजली नाही? हर्णै, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांत आगबोट बाहेर नांगरून उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला जायची. धक्क्याला झटकन लागणं आणि झटकन निघणं, हा चाकाचा मोठा गुण तिथे वायाच गेला असता. उलट पडाव बाजूला लागायला यायचा, तर नेमका चाकाच्या पेटीवरच.

क्लाइडवरच्या बोटी चाकामुळे गेल्या नाहीत, मोटारींमुळे गेल्या. गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटी आल्या, लहान धक्के बंद पडले. १९७३ च्या हंगामानंतर वेव्हर्ली बाजूला काढली गेली आणि १९७४ मध्ये एका पौंडाला पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटीकडे गेली. १९७५ पासून ती पुन्हा चालते आहे. जुलै १९७७ मध्ये डनूनजवळच्या गँटॉक खडकांवर चढली, त्यातूनही उठली.

हिवाळ्यात बोट बंद असते, पण काम तेव्हाच जास्त. सुक्या गोदीत पत्र्याची जाडी मोजतात; सर्वांत जास्त गंज तळाला नसतो, तो स्पॉन्सनखाली असतो, जिथे पत्रा दिवसभर भिजतो आणि वाळतो. प्रत्येक फळीची बिजागरी उपसून बूश आणि खिळा यांतली फट मोजतात आणि वहीत मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहितात. डाव्या चाकाची झीज सतत जास्त येत असेल तर आधी बुशांना दोष देऊ नये. बोट डावीकडे कलून चालते का, टाक्या कशा भरल्या जातात आणि बहुतेक धक्के कुठल्या बाजूला पडतात ते पाहावं.